हात पुढे कर!

इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना संगीताची धास्ती वाटत असावी, असा निष्कर्ष त्यांच्या भाषेवरून कोणी काढला तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुळवलेले तंबोरे, पानाचा डबा आणि टळत चाललेली रात्र उभी राहते. त्यांच्याकडे मात्र एखाद्याला ‘आता संगीताला तोंड दे’ असे सांगितले की त्याचा चेहरा पडतो. ‘फेस द म्युझिक’ म्हणजे केलेल्या गोष्टीचे जे काही परिणाम होतील, मग ती शिक्षा असो, खरडपट्टी असो की चारचौघांतली नामुष्की असो, ते पळ न काढता सोसायला उभे राहणे. चेंडूने शेजाऱ्याची काच फोडलेला मुलगा संध्याकाळी घरी परततो तो संगीताला तोंड द्यायला. हिशेबाचा घोटाळा उघडकीस आलेला मंत्री सभागृहात येतो तोही त्यासाठीच.

या वाक्प्रचाराच्या वापरात दोन अटी लपलेल्या आहेत आणि त्या नीट पाहिल्या तरच त्याची गोडी कळते. पहिली अट अशी, की संकट तुम्ही स्वतः ओढवून घेतलेले असले पाहिजे. नदीच्या पुरात ज्याचे घर वाहून गेले तो संकटाला तोंड देतो, पण संगीताला नाही. दुसरी अट अशी, की तुम्ही आपल्या पायांनी तेथे गेले पाहिजे. दोन शिपायांनी दंडाला धरून फरफटत नेलेल्या माणसाला शिक्षा होते खरी, पण त्याने संगीताला तोंड दिले असे म्हणणे शोभत नाही. ते तोंड त्याने स्वतः वळवलेले नसते.

आता शिक्षेचा आणि संगीताचा संबंध काय? हा वाक्प्रचार मूळचा अमेरिकेतला. १८३० नंतरच्या दशकात न्यू हॅम्पशर राज्यातल्या वर्तमानपत्रांत तो सापडतो; पण तो कोठून आला हे आजवर कोणालाच खात्रीने सांगता आलेले नाही. त्यामुळे तर्क लढवायला रान मोकळे आहे. एक तर्क लष्करातला. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यात एखाद्या शिपायाला बेअब्रू करून काढून टाकायचे झाले, म्हणजे त्याच्या कोटाची बटणे तोडीत, गळ्यात दोर अडकवीत आणि पलटणीसमोरून ढोल बडवीत त्याला फाटकाबाहेर घालवून देत. त्या वेळी वाजवायची एक खास चाल होती. ‘रोग्ज मार्च’ हे तिचे नाव. आपण तिला लफंग्याची चाल म्हणू. म्हणजे आपल्याकडची गाढवावरची धिंडच, फक्त गाढव वजा केलेली. हा तर्क चटकदार आहे. पण मला त्यात एक खोट दिसते. असा शिपाई संगीताला तोंड देत नाही, पाठ देतो. ढोल मागे वाजत असतात आणि तो पुढे चालत असतो.

दुसरा तर्क घोड्यांचा. पलटणीतल्या नव्या घोड्याला बँडच्या आवाजाने बुजू नये म्हणून वाद्यांसमोर उभे राहायला शिकवीत. तिसरा तर्क रंगभूमीचा. पाश्चात्य नाटकगृहात वादक मंडळी रंगमंचाच्या पायथ्याशी खड्ड्यात बसतात. नट विंगेतून बाहेर आला की त्याच्यासमोर आधी संगीत असते आणि त्यामागे काळोखात बसलेला, दाद देण्याइतकाच हुर्यो करण्यासही समर्थ असलेला प्रेक्षक. मला हा तर्क सर्वांत जवळचा वाटतो. तो सिद्ध करता येतो म्हणून नव्हे, तर त्यात माणूस आपण होऊन बाहेर येतो म्हणून. विंगेत थांबायची सोय असते. मागच्या दाराने निसटायची तर असतेच असते.

अमेरिकनांनाच पुढे या शब्दांतली गंमत उमगली. १९३६ साली ‘फॉलो द फ्लीट’ या चित्रपटासाठी अर्व्हिंग बर्लिनने एक गाणे रचले आणि फ्रेड अॅस्टेअर व जिंजर रॉजर्स त्यावर नाचले. गाण्याची सारी करामत एवढीच, की संगीताला तोंड द्यायचेच आहे तर मग त्यावर नाचून का घेऊ नये!

हे सारे वाचताना मी मराठीत या वाक्प्रचाराला जोड शोधू लागलो. ‘करावे तसे भरावे’ हे आहेच, पण त्यात निसर्गनियमाचा कोरडेपणा आहे. भरणारा हसत भरतो की रडत भरतो याची त्या म्हणीला फिकीर नाही. मग एकेक शब्द आठवू लागले आणि माझ्या ध्यानात आले, की शिक्षेचे संगीत आपल्याही कानांवर आहे. आपण ‘कानाखाली वाजवतो’. पाठीचा तबला करतो. एखाद्याची ‘हजेरी घेतो’, आणि हजेरी म्हणजे पुन्हा पलटणीतली रांगच की! पण या सगळ्यांत वाजवणारा आपण असतो. ऐकणाऱ्याने काय करायचे, याविषयी हे शब्द मुके आहेत.

ऐकणाऱ्याच्या बाजूने मराठी भाषा एक वेगळेच क्रियापद वापरते. आपण शिक्षा खातो. मार खातो, छड्या खातो, बोलणी खातो, शिव्या खातो आणि अगदीच वेळ आली तर तुरुंगाची हवा खातो. अर्थात आपण लाचही खातो आणि पैसेही खातो. परंतु पैसे खाणारा आणि मार खाणारा ही एकाच पंगतीला बसलेली माणसे क्वचितच दिसतात. आपल्या सार्वजनिक जीवनाचे दुखणे सांगायला मला याहून थोडके शब्द सुचत नाहीत.

इंग्रजीलाही हे खाणे-पिणे अगदी परके नाही. ‘आपले औषध घे’ असे ते म्हणतात, म्हणजे मुकाट्याने शिक्षा पत्कर. ज्यांच्या बालपणात रविवारची सकाळ आणि एरंडेलाचा पेला यांची गाठ पडलेली आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको. नाक दाबून, डोळे मिटून तो घोट घशाखाली गेला की वर चमचाभर साखर मिळे. आणि साखरेच्या आशेने तोंड उघडणारे मूल व हातपाय धरून पाजावे लागणारे मूल यांतला फरक घरात सर्वांना माहीत असे. मराठीत मात्र औषधाचे नशीब निराळे. आपण उपदेशाचे ‘डोस पाजतो’. पाजणाऱ्याचेच कौतुक येथेही!

याच जातीचा तिसरा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे, ‘गोळी चावणे’. ही बंदुकीची गोळी. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने १७८५ साली रांगड्या इंग्रजी बोलीचा एक कोश काढला. त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ हा शब्द आहे. नाइटिंगेल म्हणजे रात्री गाणारा गोड गळ्याचा पक्षी. पण सैनिकांच्या बोलीत त्याचा अर्थ, चाबकाचे फटके बसत असताना ओरडणारा शिपाई. काही पलटणींत असे ‘गाणे’ कमीपणाचे मानीत, आणि ते तोंडून निघू नये म्हणून शिपाई दातांखाली शिशाची गोळी धरून ती चघळत. म्हणजे येथेही शिक्षेशेजारी संगीत उभेच आहे, फक्त ते गिळून टाकायचे आहे. पुढे १८९१ च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीत मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने गोळी चावण्याचे हे शब्द धीर देण्याच्या अर्थाने वापरले, आणि आता तर अर्थमंत्री नवा कर बसवतानाही गोळी चावतात. हे शब्द १८५७ च्या काडतुसांवरून आले असेही कोणी कोणी सांगतात. पण ग्रोसचा कोश त्याच्या साठ वर्षे आधीचा आहे, आणि आपल्या शिपायांना दातांनी तोडावे लागे ते काडतुसाचे चरबी लावलेले कागदी टोक, गोळी नव्हे.

त्या चाबकाचा इतिहास आपल्याही घरापर्यंत येतो. कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांना फटके मारण्याची शिक्षा बेंटिंकने १८३५ साली बंद केली आणि १८४५ साली ती पुन्हा सुरू झाली. ब्रिटिश सैन्यातून फटके गेले ते १८८१ साली. ही सनावळी वाचताना त्या गोळी चघळणाऱ्या शिपायाचे कौतुक करावे की कीव करावी, असा प्रश्न मला पडतो. सोसणाऱ्याचा धीर मोठा असतो खरा; पण त्या धीराचे पोवाडे गाता गाता फटके मारणाऱ्याला आपण विसरून जातो. मुकाट्याने सोसणे हा गुण आहे असे शिकवण्यात नेहमी कोणाचा तरी फायदा असतो, आणि तो सहसा सोसणाऱ्याचा नसतो.

म्हणूनच मला मराठीतला दुसरा एक शब्द अधिक विचार करायला लावतो. तो म्हणजे ‘प्रसाद’. ‘काल मास्तरांनी चांगला प्रसाद दिला’ हे वाक्य माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ऐकले आहे, बहुतेकांनी अनुभवले आहे. चांगली पूजा बांधली, आरती ओवाळली, सात पिढ्यांचा उद्धार केला, असा शिक्षेचा सगळा देव्हाराच आपण मांडून ठेवला आहे. ही थट्टा आहे हे खरे. पण शाळेतली छडी आणि देवळातला प्रसाद यांत एक साम्य असे होते, की दोन्हींसाठी हात पुढे करावा लागे. मास्तर हात धरून ओढीत नसत. ते नुसते म्हणत, “हात पुढे कर!” आणि मग तो हात पुढे करायचा की पाठीमागे लपवायचा, याचा निर्णय त्या आठ-दहा वर्षांच्या पोराला क्षणार्धात घ्यावा लागे. छडी खाली येताना हात मागे घेणारे होते, तळहाताऐवजी बोटांची टोके पुढे करणारे होते, आणि दुसऱ्याची छडी आपल्या हातावर घेणारा एखादा वेडा मित्रही असे.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. छडीच्या जाण्याचे मला दुःख नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली, हे फार चांगले झाले. कित्येकांचे हात आणि कित्येकांची मने त्या छडीने कायमची दुखावली आहेत. मला राखून ठेवावासा वाटतो तो फक्त पुढे झालेला हात. छडीवाचूनही तो पुढे करता येतो का, हाच खरा प्रश्न आहे.

‘शिक्षा’ या शब्दाचीच कथा पाहा. उत्तरेकडे गेलेला मराठी माणूस ‘शिक्षा मंत्रालय’ ही पाटी वाचून एकदा तरी हसतोच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. आणि संस्कृतात? सहा वेदांगांपैकी पहिले ‘शिक्षा’, म्हणजे वर्ण, स्वर आणि मात्रा यांचे शास्त्र. ऋचा म्हणताना कोणता स्वर उंच आणि कोणता खाली, हे ती शिकवी. म्हणजे फिरून फिरून आपण संगीताच्याच दारी आलो! चुकलेला स्वर पुन्हा लावणे, हा शिक्षेचा अर्थ आपल्या भाषेच्या पोटात कोठेतरी खोल दडून बसला आहे.

या संगीताला तोंड देण्याचे प्रकार तरी किती! टिळकांच्या शाळेतली शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सारे लहानपणी ऐकतो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत तर टरफले का उचलू, असा त्या मुलाचा प्रश्न होता. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नाकारणे हेही एक प्रकारचे तोंड देणेच आहे, कारण त्या नकाराची किंमत त्याला मोजावी लागते. पुढे १९०८ साली मुंबईच्या न्यायालयात ज्यूरीने बहुमताने त्यांना दोषी ठरवले, तेव्हाही त्यांनी आपण निरपराध असल्याचे सांगितले, वरच्या शक्तीच्या इच्छेचा उल्लेख केला आणि सहा वर्षांसाठी ते मंडालेला गेले. त्यांचे ते शब्द मुंबईच्या उच्च न्यायालयात फलकावर कोरलेले आहेत.

सुमारे चौदा वर्षांनी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादेत त्याच राजद्रोहाच्या कलमाखाली गांधीजी उभे राहिले आणि त्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी आरोप मान्य केला. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, असे न्यायाधीशांना सांगितले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा फर्मावली आणि सरकारला ती कमी करता आली तर आपल्याइतका आनंद कोणालाही होणार नाही, असेही म्हटले. एकाने गुन्हा नाकारला, दुसऱ्याने कबूल केला. पण हात दोघांचेही पुढे होते. त्या दिवशी अहमदाबादेत संगीताला नक्की कोण तोंड देत होते, आरोपी की न्यायाधीश, हे सांगणे मला अवघड वाटते.

याच्या उलट चित्र आपल्याच इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना त्याचे प्रायश्चित्त देहान्त असे सांगितल्याची गोष्ट मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? राघोबांनी ते घेतले नाही. १७७५ साली सुरतेला तह करून ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि एका माणसाने चुकवलेल्या संगीताची चाल साऱ्या मराठी राज्याला पुढे सात वर्षे लढाईच्या मैदानावर ऐकावी लागली. १७८३ साली कोपरगावी ते वारले. आयुष्याची दहा वर्षे त्यांनी वाचवली; पण ती कशी गेली असतील, याचा विचार मनात आला की मला त्यांचा राग येण्याऐवजी भीती वाटते.

एवढ्या थोर माणसांच्या रांगेत मला आमच्या अण्णांना उभे करायचे आहे. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. एका तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकून होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि खिशात टाक पुसायची चिंधी. एका वर्षी तपासणीत तिजोरीतली रक्कम कमी भरली. रोजच्या मोजणीच्या वहीत दोन सह्या असत. एक सहकाऱ्याची, दुसरी अण्णांची. सहकारी तब्येतीचे निमित्त करून रजेवर गेला आणि लांबणीवर लांबणी मागू लागला. पैसे अण्णांनी घेतले नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होते. लोक घरी येऊन शहाणपण सांगू लागले. “अण्णा, डॉक्टरचा दाखला घ्या आणि महिनाभर पडून राहा.” “अण्णा, साहेबांना आधी एकटे गाठा.” अण्णा सर्वांना चहा देत आणि काही बोलत नसत.

चौकशीच्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला, नेहमीचा कोट घालून गेले. साहेबांनी विचारले, “ही सही तुमची?”

“माझी.”

“रक्कम मोजून केलीत?”

“नाही. त्यांनी मोजली होती, मी विश्वासावर केली.”

इतकेच. त्यांना रकमेचा निम्मा वाटा भरून देण्याचा हुकूम झाला, आणि एक वेतनवाढ गेली. दोन वर्षे दरमहा पगारातून हप्ता कापला जाई. काकूंनी त्या दोन वर्षांत दुधाचा रतीब निम्मा केला आणि एकाही सणाला नवे लुगडे घेतले नाही. एकदा मात्र त्यांचा धीर सुटला. “अहो, एक पै तुम्ही घेतली नाहीत, मग हा दंड कशाचा भरता?” अण्णा म्हणाले, “चोरीचा नाही गं. सहीचा.”

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. आपण केलेले नाही ते अण्णांनी कबूल केले नव्हते, आणि केलेले होते ते नाकारलेही नव्हते. आपला दोष नेमका केवढा, हे त्यांनी सराफाच्या काट्यावर तोलावे तसे तोलले होते. गुंजभर जास्त नाही, गुंजभर कमी नाही. मला वाटते, संगीताला तोंड देण्यातली अवघड गोष्ट धैर्य ही नसून हा हिशेब आहे. आपण एक तर सगळाच दोष दुसऱ्यावर ढकलतो, नाही तर भावनेच्या भरात ‘सगळे माझेच चुकले’ असे म्हणून मोकळे होतो. दोन्ही सोपे आहे. दोन्हींत मोजणी टळते.

आणि हल्ली तर मोजणी टाळण्याची एक नवी रीत निघाली आहे. पुढारी असो, नट असो की खेळाडू असो, त्याचे काही चुकले की तो एक निवेदन काढतो. ‘माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.’ या वाक्यातला ‘तर’ फार मोलाचा आहे. त्या ‘तर’च्या मागच्या दाराने माणूस केव्हाच निसटलेला असतो, आणि रंगमंचावर त्याचा नुसता कोट उभा असतो. खरी क्षमा मागणाऱ्याला ‘तर’ लागत नाही. त्याला फक्त ‘माझी’ एवढा एक शब्द लागतो.

अण्णांचा शेवटचा हप्ता कापला गेला त्या दिवशी ते येताना पावशेर पेढे घेऊन आले. देवापुढे ठेवून त्यांनी ते आम्हा मुलांच्या हातावर दिले. काकूंनी आनंद कसला म्हणून विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आज फिटलं.” त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिलेले समाधान पुढे बढती मिळालेल्या, बक्षिसे मिळवलेल्या पुष्कळ माणसांच्या चेहऱ्यांवर शोधले, ते क्वचितच सापडले. त्यांचा तो सहकारी नंतर दुसऱ्या गावी बदलून गेला आणि चांगला वरच्या जागेवर चढलाही. पण आमच्या गावावरून जाताना तो एस.टी.तून खाली उतरत नसे, असे लोक सांगत.

आपल्या मैफलींचा एक शिरस्ता आहे. गाणे कितीही रंगो वा कितीही लांबो, शेवटी भैरवी होते आणि मग माणसे उठतात. शिक्षेच्या संगीतालाही भैरवी असते, पण ती शेवटपर्यंत समोर बसलेल्यालाच ऐकू येते. जो मधूनच उठून पळाला, त्याच्या कानांत ते तंबोरे जन्मभर वाजत राहतात.